आकाशातला सातबारा कुणाच्या नावावर? (नंदुरबारच्या सॅटेलाइट इंटरनेटच्या निमित्ताने)

पांझराकाठ | शनिवार, रात्री ९:१२

राम राम मंडळी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. दुर्गम भागात उपग्रहावरून इंटरनेट द्यायचं, आणि त्यात गडचिरोली, वाशीम, धाराशिव यांच्या जोडीला आपलं नंदुरबार आहे. माझा भाचा धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. परवा घरी आला तेव्हा म्हणाला, "मामा, जमिनीतून केबल न्यायची तर ग्रामपंचायत लागते, वनखातं लागतं. आकाशातून आणायची तर परवानगी कुणाची? तिथला सातबारा कुणाच्या नावावर?"

मी आयुष्यभर उपग्रहांच्या भू-केंद्रांवर नोकरी केली. शेवटची काही वर्षं तर फक्त एकच काम होतं, आपला उपग्रह आणि शेजारचा उपग्रह एकमेकांच्या लहरींत पाय घालणार नाहीत ना, याची आकडेमोड आणि त्यावरचा पत्रव्यवहार. तरी भाच्याला जेवणाच्या ताटावर नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी घरावरची छत्री घ्या. ती एकदा बसवली की हलत नाही, कारण तिच्यासमोरचा उपग्रह आपल्याला हललेला दिसत नाही. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला की तो पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरतो आणि आपल्याला जागच्या जागी दिसतो. अशी कक्षा एकच आहे. तिचे ३६० अंश, आणि एका अंशाची लांबी साधारण ७३५ किलोमीटर. ऐकायला जागा पुष्कळ वाटते. पण दोन उपग्रह लहरींच्या एकाच पट्ट्यात, एकाच प्रदेशावर बोलायला लागले आणि त्यांच्यात दोनेक अंशांचं अंतर नसलं, तर खालच्या छोट्या छत्रीला दोघांचं बोलणं एकदम ऐकू येतं. म्हणजे टंचाई जागेची नाही, बोलण्याची आहे.

हे बोलणं लावून देणारी संस्था जिनिव्हात आहे, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू. १८६५ साली पॅरिसमध्ये तारांच्या कामासाठी ती सुरू झाली. तेव्हा प्रश्न असा होता की एका देशाची तार दुसऱ्या देशाच्या हद्दीत गेल्यावर पुढे कशी न्यायची. आज तिथे १९४ देश आहेत. रेडिओ नियमावली नावाचा करार आहे, तो सगळ्यांना बंधनकारक, आणि तीन-चार वर्षांनी परिषद भरवून तो दुरुस्त करतात. मागची परिषद २०२३ च्या शेवटी दुबईत झाली, पुढची २०२७ मध्ये शांघायला आहे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तिथे कंपनीला उभं करत नाहीत. अर्ज देशाचा जातो. कंपनी कितीही मोठी असली तरी तिला कुठल्या तरी सरकारच्या मागे उभं राहावं लागतं.

शहादा_छत्रीवाला | शनिवार, रात्री ९:५०

आबा, फार चांगला विषय काढलात. मी २००९ पासून छत्र्या बसवतो. पुस्तकातलं मला माहीत नाही, हातातलं सांगतो.

फ्री डिशचा उपग्रह ९३.५ डिग्रीवर. शहाद्याहून छत्री आग्नेयेला, बरीच उंच बघते. त्याच्या बाजूला ९५ वर दुसरा उपग्रह आहे, परदेशी कंपनीचा. नवीन पोरगं कामाला आलं की पहिला महिनाभर ते हमखास ९५ पकडतं आणि म्हणतं, "भाऊ, सिग्नल तर फुल्ल आहे, चॅनल का येत नाही?" नट एक सूतभर फिरवला की ९३.५ सापडतो. ते सूतभर म्हणजे वर हजारभर किलोमीटर, हे आज तुमचं वाचून कळलं.

दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबर लागला की चार-पाच दिवस भरदुपारच्या आधी थोडा वेळ सगळ्यांचं चित्र जातं. फोनवर फोन. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि सूर्याचाच आवाज छत्रीत भरतो. गिऱ्हाइकाला मी सांगतो, छत्रीपुढच्या दांड्यावरचा लहरी टिपणारा डबा, म्हणजे एलएनबी बघा. छत्रीवरून परतलेलं ऊन बरोबर एलएनबीच्या तोंडावर पडलं की समजा, दहा मिनिटांत परत येईल.

माझा प्रश्न असा की ९३.५ आपल्याला दिला कुणी? मागितला म्हणून मिळाला, का आपल्या डोक्यावर आहे म्हणून?

केळीबाग_रावेर | शनिवार, रात्री १०:२०

भाऊ, बठ्ठं समजनं, पन एक गोठ नही समजनी. जो पहिले जाई तो जागा धरी, आसं शे का? मंग मोठा देश बठ्ठी जागा धरी लेतीन, आनि आपला नंबर येई तवपर्यंत काय उरी?

पांझराकाठ | रविवार, सकाळी ७:०५

दोघांचा प्रश्न एकच आहे, म्हणून उत्तर एकत्र देतो.

बहुतेक पट्ट्यांत रांग आहे. जो देश आधी कागद दाखल करतो त्याचा नंबर आधी. नंतर येणाऱ्याने पुढच्या प्रत्येकाशी समन्वय करायचा, म्हणजे "माझ्यामुळे तुला त्रास होणार नाही" हे आकड्यांनी पटवून द्यायचं. पटलं की जिनिव्हाच्या मुख्य नोंदवहीत नाव चढतं. ती नोंद हाच सातबारा. पण तो मालकीचा नाही, वहिवाटीचा आहे. नोंद असलेल्याला इतरांच्या त्रासापासून संरक्षण मिळतं, जागा विकायचा हक्क मिळत नाही.

नुसता कागद टाकून जागा अडवता येऊ नये म्हणून मुदत असते, ७ वर्षं. तेवढ्यात तिथे खरा उपग्रह आणून सलग ९० दिवस उभा करून दाखवावा लागतो. नाहीतर नोंद जाते.

तरी कागदी उपग्रहांचा रोग गेलेला नाही. १९८८ च्या सुमारास टोंगा या एक लाख वस्तीच्या बेटांच्या देशाने प्रशांत महासागरावरच्या १६ जागा मागितल्या. स्वतःचा एकही उपग्रह नाही, जागा भाड्याने देऊन पैसा उभा करायचा विचार होता. जगभर गदारोळ झाला, शेवटी सहा जागांवर तडजोड झाली. लोकांनी टोंगाला नावं ठेवली. मला त्यात टोंगाची चूक फार वाटत नाही. नियम जसा होता तसा त्यांनी वापरला, आणि मोठे देश तेच गुपचूप करत होते.

आता खालच्या कक्षांची गोष्ट. स्टारलिंक, वनवेब यांचे उपग्रह काही शे ते बाराशे किलोमीटरवर फिरतात, एका जागी थांबत नाहीत, म्हणून हजारोंनी लागतात. २०२१ मध्ये रवांडाच्या नावाने तीन लाखांवर उपग्रहांची मागणी गेली. अशा जाळ्यांसाठी २०१९ च्या शर्म अल-शेखच्या परिषदेत टप्पे ठरले. सात वर्षांची मुदत संपल्यापासून २ वर्षांत १० टक्के उपग्रह वर हवेत, ५ वर्षांत निम्मे, ७ वर्षांत सगळे. नाही जमलं तर जेवढे वर आहेत त्या मानाने नोंद छाटतात.

आणि शहाद्याच्या भाऊंना, ९३.५ आपल्या डोक्यावरची नाही. ती वस्तुतः बंगालच्या उपसागराच्या पूर्व टोकाच्या रेखांशावर, विषुववृत्तावर आहे. आपल्याकडून नीट दिसते म्हणून आपण मागितली, समन्वय केला, वापरली. "आमच्या डोक्यावरचं आमचं" असा दावा करणारेही झाले. ३ डिसेंबर १९७६ ला कोलंबिया, इक्वेडोर, ब्राझील, केनिया, युगांडा, इंडोनेशिया, काँगो आणि झैर (आजचं डीआर काँगो) या विषुववृत्तावरच्या आठ देशांनी कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात जाहीर केलं की आमच्यावरचा कक्षेचा तुकडा आमची नैसर्गिक संपत्ती आहे. जगाने मानलं नाही.

कोर्ट_गल्ली_धुळे | रविवार, सकाळी ११:३०

मानलं नाही, कारण १९६७ चा अंतराळ करार आड येतो. त्याचं दुसरं कलम सांगतं की अंतराळावर कोणत्याही देशाला सार्वभौमत्व सांगता येणार नाही, वापराने नाही, कब्जानेही नाही. भारताने तो १९८२ मध्ये कायम केला. मी वकिली करतो, जमिनीच्या दाव्यांत हयात गेली, त्यामुळे मला हे कलम फार आवडतं. कब्जा बारा वर्षं सिद्ध केला की जमिनीवर हक्क सांगायला लोक कोर्टात येतात. तिथे शंभर वर्षं बसलात तरी मालक होत नाही.

आयटीयूच्या घटनेचं ४४ वं कलमही वाचण्यासारखं आहे. लहरी आणि कक्षा या मर्यादित नैसर्गिक संपत्ती आहेत, त्या काटकसरीने वापरायच्या, सर्व देशांना न्याय्य संधी हवी, विकसनशील देशांच्या गरजा आणि देशांची भौगोलिक स्थिती बघायची, असं त्यात स्पष्ट आहे. "भौगोलिक स्थिती" हे दोन शब्द मला वाटतं बोगोटाच्या त्या आठ देशांच्या पदरात पडलेलं एवढंच.

आपल्या घरातही हाच विचार १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मांडला. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा दावा होता, निकाल असा की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मोबाइलचे पट्टे लिलावाने जातात. उपग्रहांचे पट्टे मात्र २०२३ च्या दूरसंचार कायद्यात प्रशासकीय वाटपाच्या यादीत ठेवले. पुष्कळांना त्यात पक्षपात दिसतो. मला तसं वाटत नाही. मोबाइल कंपनीला एका भागात पट्टा दिला की तो तिचा एकटीचा. उपग्रहांचा तोच पट्टा एकाच गावावर चार कंपन्या समन्वय करून वापरू शकतात. जे एकट्याला द्यायचंच नाही त्याचा लिलाव कसला? पैसे मात्र घ्यायलाच हवेत. दूरसंचार नियामक ट्रायने मे २०२५ मध्ये समायोजित महसुलाच्या ४ टक्के दराची शिफारस केली होती.

केळीबाग_रावेर | रविवार, दुपारी १:१०

वकीलसाहेब, एक विचारतो. २०२२ च्या गुढीपाडव्याला रात्री आम्ही गच्चीवर होतो. आकाशातून पेटलेली रांग गेली, एकामागे एक तुकडे, फार हळू. म्हातारी घाबरून देवाजवळ जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला मोठी लोखंडी कडी पडली. ती बागेत पडली असती आणि कुणाला लागली असती, तर भरपाई कुणाकडे मागायची?

कोर्ट_गल्ली_धुळे | रविवार, दुपारी १:४५

ते चिनी रॉकेटचे वरच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी मार्ग जुळवून सांगितलं. १९७२ चा दायित्व करार अशाच वेळेसाठी आहे. अंतराळातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं तर सोडणारा देश पूर्ण जबाबदार, चूक सिद्ध करायची गरज नाही. पण या कराराखाली तुम्ही एकटे दावा लावू शकत नाही. तुमच्या वतीने भारत सरकारने त्या देशाकडे मागायचं. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह अणुइंधनासह कॅनडात पडला, तेव्हा कॅनडाने असंच मागितलं आणि तीस लाख कॅनेडियन डॉलर मिळवले.

मोलगीची_वाट | रविवार, रात्री ८:३०

सगळं वाचलं. सगळं खरं असेल. पण मी अक्कलकुवा तालुक्यात डोंगरात काम करते आणि मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

आमच्याकडे फोन करायचा तर टेकडीवरच्या एका ठरावीक दगडावर उभं राहावं लागतं. बाळंतिणीला नेण्यासाठी गाडी बोलवायची असली तरी आधी कुणीतरी त्या दगडापर्यंत धावतं. मागच्या पावसाळ्यात एका रात्री एक मुलगा अंधारात धावत गेला, निरोप पोचला, गाडी रस्त्याला लागेपर्यंत उजाडलं. बाई वाचली. बाळ नाही.

म्हणून मला रांग, समन्वय, सात वर्षं हे ऐकलं की पोटात कालवतं. ज्यांनी आधी जाऊन हजारो उपग्रह सोडले त्यांच्यामुळेच आज आमच्या पाड्याचं नाव यादीत आलं ना? ते थांबले असते तर आम्हीही थांबलोच असतो. आणखी दहा वर्षं.

पांझराकाठ | रविवार, रात्री १०:५५

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

तुमच्या पाड्यावर ते यंत्र उद्याच्या उद्या लागावं असंच माझं मत आहे. नियमांविरुद्धचं कारण म्हणून नाही, नियम पाळूनच ते लागू शकतं म्हणून. देशाच्या हद्दीत त्या देशाची परवानगी घ्यावीच लागते. इराणने स्टारलिंकबद्दल तक्रार केली तेव्हा आयटीयूच्या मंडळानेही तेच सांगितलं. आपल्याकडे तो परवाना जून २०२५ मध्ये दिला गेला.

पण माझी काळजी वेगळी आहे, आणि ती मला पाण्यावरूनच सांगता येईल. माझे आजोबा पांझरेच्या फडावर पाटकरी होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साक्री-धुळ्याकडे नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि खालची जमीन चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक, दरवर्षी फिरतं. पाणी पाटकरी सोडणार, बारेकरी शेतात देणार, रात्री जागल्या राखणार. ही व्यवस्था गावकऱ्यांनी तीन-चारशे वर्षं चालवली.

त्यातली खरी हुशारी मला फार उशिरा कळली. बहुतेक प्रत्येक घराची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. पाऊस कमी झाला की एखादा फड पडीक ठेवत. पडीक राहायचा तो सगळ्यांचाच तुकडा. वरच्याचा भरला आणि खालच्याचा वाळला, असं होतच नसे. पाण्याची टंचाई सगळ्यांच्या ताटात सारखी वाढली जायची.

आयटीयूतही असा एक फड आहे. टीव्ही प्रक्षेपणाच्या पट्ट्यांत १९७७ मध्ये आणि काही स्थिर सेवेच्या, म्हणजे एका जागच्या भू-केंद्रांना जोडणाऱ्या पट्ट्यांत १९८८ मध्ये देशोदेशीचा वाटा आधीच काढून ठेवला. उपग्रह असो नसो, भूतान असो की चाड, त्याच्या नावाची एक जागा आणि पट्टा राखीव. मोठ्या देशांचा याला विरोध होता, म्हणायचे की जागा वाया जाते. विकसनशील देश अडून बसले, त्यात भारत होता. मला त्याचा अभिमान वाटतो.

खालच्या कक्षांत असा फडच नाही. तिथे आयटीयू फक्त लहरींचं बघते. ५५० किलोमीटरच्या उंचीवर कुणी किती उपग्रह ठेवायचे, हे वाटणारा पाटकरी जगात कुठेच नाही. २००९ च्या फेब्रुवारीत इरिडियमचा चालू उपग्रह आणि रशियाचा निकामी कॉसमॉस सैबेरियावर आदळले, हजारो तुकडे झाले. दोघांपैकी कुणी कुणाचा नियम मोडला, याचं उत्तर नव्हतं, कारण नियमच नव्हता. व्हिएन्नातल्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१९ मध्ये २१ मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, ती ऐच्छिक आहेत. आज पाटाच्या तोंडाशी बसलेल्यांचं भलं होतंय, तुमच्या पाड्याचंही होईल. पुढच्या पिढीत भारताने किंवा केनियाने स्वतःचं जाळं करायचं म्हटलं, तर चारीत पाणी उरलेलं असावं, एवढंच माझं मागणं आहे. आणि ते मागायची वेळ आत्ताची आहे, नोंदवहीत नावं चढायच्या आधीची.

अमळनेर_शिक्षिका | सोमवार, सकाळी ६:४०

फडाचं उदाहरण मी आज वर्गात सांगणार आहे. एक भर घालते. फडावर जशी गुरांसाठी, पाखरांसाठी थोडी जागा सुटते, तशी लहरींतही काही शांत जागा सोडलेली आहे, तिथे कुणीच बोलायचं नाही, फक्त ऐकायचं.

नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणींची जीएमआरटी आहे. विश्वातला हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झवर अगदी क्षीण लहर सोडतो. म्हणून १४०० ते १४२७ हा पट्टा जगभर सर्वांनी मुका ठेवला आहे. तसंच हवेतली वाफ २३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास स्वतःची खूण देते, हवामानाचे उपग्रह तीच मोजतात. रावेरच्या भाऊंना पावसाचा अंदाज मिळतो त्यात तिचा वाटा असतो. शेजारच्या २४ च्या पट्ट्यात मोबाइलचं ५जी आलं तेव्हा हवामानवाल्यांनी जिवाच्या आकांताने सांगितलं की तुमचा आवाज आमच्यात सांडतोय. २०१९ मध्ये मर्यादा ठरल्या, त्या १ सप्टेंबर २०२७ पासून आणखी कडक होतील. वाफेला दुसरा पट्टा देता येत नाही. ती जिथे बोलते तिथेच बोलणार.

मुलांना घेऊन आम्ही हिवाळ्यात तोरणमाळला तारे बघायला जातो. आता दर थोड्या वेळाने एक ठिपका सरकत जातो. मुलं आधी टाळ्या वाजवायची, आता मोजतात.

मोलगीची_वाट | सोमवार, दुपारी २:१५

आबा, पटलं. रात्री रागात लिहिलं होतं, पण त्यातलं काही मागे घेत नाही.

आता कामाचं. आमची इमारत दरीत आहे. दक्षिण मोकळी, उत्तरेला डोंगर चढत जातो, पूर्वेला मोहाचं जुनं झाड. टीव्हीची छत्री छान चालते. मग इंटरनेटचं हे यंत्रही चालेल ना?

शहादा_छत्रीवाला | सोमवार, दुपारी २:४०

ताई, इथेच माझी गडबड होते. मी सगळ्या छत्र्या दक्षिणेकडेच लावल्या. याला कुठली दिशा, आबा?

पांझराकाठ | सोमवार, दुपारी ३:२०

याला एक दिशा नाही, वरचं रुंद आकाश लागतं, कारण उपग्रह सतत बदलतात. पण आपल्याकडे कल उत्तरेकडे जास्त असतो, आणि त्याचं कारण हीच नियमावली. हलत्या उपग्रहांनी तुमच्या ९३.५ वाल्या स्थिर रांगेला त्रास द्यायचा नाही, त्यांच्या लहरींची ताकद तिथे एका मर्यादेबाहेर जायची नाही, असं तिच्या २२ व्या कलमात आहे. म्हणून तुमची छत्री जिथे बघते, दक्षिणेची ती कमान, तेवढा भाग हे यंत्र टाळतं. त्यामुळे उत्तरेचा डोंगर आडवा येणार. दक्षिण मोकळी असून भागत नाही.

शहादा_छत्रीवाला | सोमवार, दुपारी ३:३५

मग छपरावर नको. डोंगराच्या पायापासून जेवढं लांब, अंगणाच्या दक्षिण टोकाला वीस फुटी पाइप उभा करू, तीन बाजूंनी तारेचा ताण. डोंगर तेवढाच खाली बसतो. मोहाला हात लावू नका, त्याच्यापासून पाइप पश्चिमेला घेऊ. सामान ज्या दिवशी येईल त्याच्या आदल्या दिवशी फक्त निरोप द्या, मी कोनमापक घेऊन येतो.

मोलगीची_वाट | सोमवार, दुपारी ४:००

त्या दगडावरून फोन करते.